काम नसलेला हात

४ तारीख, सोमवार

नको असलेला आवाज माझ्याच गिटारमधून येतो. रेकॉर्डिंगवाल्याने आज हे नक्की केलं. त्याने प्रत्येकाला एकट्याने वाजवायला लावलं आणि माझी पाळी झाल्यावर कानांवरचे हेडफोन काढून म्हणाला, "काका, तुम्ही थांबलात तरी मागे काहीतरी चालूच राहतं."

"आमच्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे," साडूभाऊ म्हणाले. सगळे हसले. माझी मुलगी जरा जास्त हसली.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. मी पंख्यांच्या कारखान्यात आवाज-तपासणी विभागाचा प्रमुख आहे. पंखा कण्हतोय, कुरकुरतोय की खडखडतोय, यावरून त्याच्या पोटात काय दुखतंय ते मी डोळे मिटून सांगतो. अशा माणसाच्या हातातलं वाद्य घोरतं म्हणजे पोहण्याच्या मास्तरच्या घरात पाणी शिरल्यासारखं आहे.

बँड साडूभाऊंचा. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवतात आणि स्वतः गिटार वाजवतात. माझी मुलगी गाते. ड्रम्सवर आमच्या ओळखीचे दंतवैद्य आहेत, जे दिवसभर लोकांना "दुखणार नाही" म्हणतात आणि संध्याकाळी ड्रम्सवर खरं काय ते दाखवतात. दोन वर्षांपूर्वी चौथा माणूस हवा होता. मी बेस गिटार घेतली, कारण तिला तारा चारच असतात. जितके भाग कमी, तितका बिघाड कमी.

आता मुद्दा. २३ तारखेला, शनिवारी, ग्रंथालयाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे आणि तिथे आम्ही वाजवणार आहोत. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी आमचा नमुना ऐकून कळवलं की गाणं उत्तम, पण खालच्या सुरांच्या मागे कोणी झोपलं आहे का? साडूभाऊंनी लगेच जाहीर केलं, "हे घोरणं बंद झालं नाही, तर त्या दिवशी बेस जावईबापू वाजवतील. ते कॉलेजात वाजवायचे."

हे मला नवीन होतं. जावईबापू शाळेत चित्रकला शिकवतात. सरावाला येतात, सामान उचलतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि कोणी काही म्हटलं की "हो" म्हणतात. लग्नाआधी मी त्यांची बारीक चौकशी केली होती. हा मुद्दा राहून गेला.

५ तारीख, मंगळवार

पद्धत ठरवली. कारखान्यात चालते तीच. जिचा संशय आहे त्या वस्तूला लाल चिठ्ठी चिकटवायची. एका वेळी एकच वस्तू बदलायची. बदलून आवाज गेला, तर ती दोषी. नाही गेला, तर चिठ्ठी काढायची आणि पुढे जायचं. माणसांवर चिडायचं नाही. शोध वस्तूचा घ्यायचा.

आज विभागात एक नाजूक काम होतं, तेही उरकलं. आमच्याकडचे सगळ्यांत जुने तपासनीस, ज्यांना सगळे आजोबा म्हणतात, त्यांना आता ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी एक पंखा पास केला, तो सुरू केल्यावर ग्राहकाचं मांजर घर सोडून गेलं. तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. मी त्यांना बोलावून म्हटलं, "तुमच्यासारखा कान एकाच यंत्रापाशी अडकवून ठेवणं म्हणजे सगळ्या विभागावर अन्याय आहे." आणि त्यांना सल्लागार केलं. खिडकीपाशी वेगळी खुर्ची दिली, गादीची. आजोबा उठले, माझा हात हातात घेतला आणि खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या काही लक्षातही आलं नाही.

जेवताना हे मी हिला सांगितलं.

"काय वाक्य म्हणालात?" हिने विचारलं.

मी म्हणून दाखवलं.

"पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं. बायकोने आपलं वाक्य दोनदा ऐकून घ्यावं असे प्रसंग संसारात फार येत नाहीत. नंतर मेहुणीचा फोन आला, तेव्हा ही तिला तेच वाक्य ऐकवत होती असं वाटलं. बरं वाटलं.

७ तारीख, गुरुवार

तारा बदलल्या. आवाज आहे.

वायर बदलली. आवाज आहे.

स्पीकर साडूभाऊंचा लावून बघितला. आवाज आहे, आणि आता साडूभाऊंचा स्पीकरही माझ्यामुळे बिघडला असं त्यांचं म्हणणं आहे.

९ तारीख, शनिवार

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार गोड माणूस आहे. त्याला काहीही म्हटलं तरी "अगदी बरोबर" म्हणतो. मी त्याला म्हटलं की तारा गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांपासून फार उंच आहेत, म्हणून त्या मोकाट हलतात, त्या खाली आणा.

"अगदी बरोबर. मीही तेच म्हणणार होतो."

त्याने तारा खाली आणल्या. घरी येऊन वाजवलं तर जुना आवाज होताच, शिवाय प्रत्येक सुराबरोबर तार पट्टीवर आपटून खरखर सुरू झाली, जणू कोणी रेतीवरून सायकल ओढतंय. परत गेलो.

"तारा फार खाली आल्या आहेत," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. मलाही तीच शंका होती."

त्याने त्या होत्या तिथे नेल्या. खरखर गेली. जुना आवाज जागच्या जागी आहे. दुकानदाराने मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला की तुमच्यासारखी जाण असलेली गिऱ्हाईकं आता राहिली नाहीत. हे मात्र खरं आहे.

१० तारीख, रविवार

सराव. सराव ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात होतो. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते आहेत आणि माझ्या उभं राहण्याच्या जागेमागे नेमकी "हॉर्न वाजवू नका" ही खूण आहे. साडूभाऊ म्हणतात योगायोग आहे. मागच्या आठवड्यापर्यंत तो तक्ता समोरच्या भिंतीवर होता.

आवाजाचं वर्णन आज नीट करून ठेवतो. मी एक तार वाजवली आणि सोडली की तो सूर संपतो, पण त्याच्या मागे एक गुणगुण उरते. दुसरी तार वाजवली की तीत भर पडते. चार-सहा सुरांत मागे मधमाश्यांची सभा भरते. गाणं जिथे एकदम थांबतं, आणि साडूभाऊंना त्या थांबण्याचा फार अभिमान आहे, तिथे सगळे थांबतात आणि सभा चालूच.

मध्येच जावईबापू शेवटच्या बाकावरून उठून आले. म्हणाले, "बाबा, ज्या तारा वाजवत नाही, त्यांच्यावर बोटं नुसती टेकवून ठेवली तर..."

"टेकवून?" मी म्हटलं.

"हलकेच. म्हणजे त्या आपोआप वाजत नाहीत."

मी त्यांना समजावलं. आमच्या विभागाच्या भिंतीवर मी स्वतः रंगवून घेतलेली पाटी आहे, "काम नसलेला हात यंत्रापासून दूर". हा नियम येण्याआधी आमच्याकडे दोघांची बोटं गेली आणि आल्यापासून एकाचंही नखसुद्धा गेलेलं नाही. माझा हात इतकी वर्षं तसाच चालतो. सूर झाला की माझी बोटं तारेपासून वीतभर उंच असतात. स्वच्छ. बघणाऱ्यालाही बरं दिसतं.

"हो बाबा," म्हणाले आणि जाऊन बसले. मुलीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. नव्या लग्नात असं चालतं.

१३ तारीख, बुधवार

आज निर्णायक चाचणी केली. गिटार कारखान्यात नेली. आमच्याकडे आवाजबंद खोली आहे. भिंतींना जाड फोम, दाराला दुहेरी चौकट. आत उभं राहिलं की आपल्याच पोटातले आवाज ऐकू येतात. पंखा आत चालतो आणि तपासनीस बाहेर बसून ऐकतो, कारण आत माणूस असला तर मोजणी बिघडते.

गिटार पंख्याच्या स्टँडवर आडवी ठेवली. हलू नये म्हणून मानेवरून दोन रबरी पट्टे घट्ट आवळले. एका जुन्या मोटरला प्लॅस्टिकची पट्टी लावली. मोटर फिरली की पट्टी एका तारेला छेडून जाते. दार लावून बाहेर बसलो.

सूर यायचा आणि संपायचा. मागे काही नाही. स्वच्छ. मुद्दाम बराच वेळ चालवलं. गुणगुणीचा पत्ता नाही.

निष्कर्ष उघड आहे. गिटार निर्दोष आहे. माणूस जवळ नसताना ती उत्तम वाजते. म्हणजे दोष सरावाच्या खोलीत आहे.

परत निघताना आजोबा खिडकीपाशी बसलेले दिसले. टेबल रिकामं होतं. मी विचारलं, "कसं काय?" ते म्हणाले, "अडीच." मी घड्याळ बघितलं, वेळ बरोबर होती.

१६ तारीख, शनिवार

खोलीची तपासणी. आधीच जाऊन संशयितांना लाल चिठ्ठ्या लावल्या: खिडकीची सैल काच, पत्र्याचं कपाट, वाहतुकीचे तक्ते, दाराची कडी, छोटा ड्रम, मोठा ड्रम, झांजा. दंतवैद्य आले आणि ड्रम्सकडे बघत राहिले.

"हे काय?"

"संशय आहे. मनावर घेऊ नका, वस्तूवर आहे."

"मी यांना फडकं मारतो रोज."

"फडक्याचा प्रश्न नाही."

"तुमच्या तोंडात चुकीच्या दाताला चिठ्ठी लावली तर चालेल का?" दंतवैद्य म्हणाले. शांत माणूस आहे, पण कुठे दुखेल ते त्याला ठाऊक असतं.

खिडकीच्या फटीत कागद कोंबला. कपाट बाहेर काढलं, म्हणजे जावईबापूंनी काढलं. तक्ते उतरवले. ड्रम्सवर चादर टाकली. मुलीला हलू नको म्हटलं. मग मी वाजवलं. गुणगुण आली, आणि खोली रिकामी झाल्यामुळे आधीपेक्षा मोकळेपणाने आली.

मुलीने डोक्यामागचं केस बांधायचं जाड रबर सोडलं आणि न बोलता माझ्या गिटारच्या मानेवर सगळ्यांत वरच्या टोकाला चढवलं. "आता वाजवा." गुणगुण बरीचशी गेली. पण त्याबरोबर मोकळ्या, न दाबलेल्या तारांचे सूरही गेले. त्यांची नुसती ठकठक उरली, आणि गाण्यात ते सूर लागतात. शिवाय रबर जांभळं आहे. तिला म्हटलं, हा उपाय नाही, ही मलमपट्टी आहे.

"तेच तर, बाबा," ती म्हणाली. "जखम कुठे आहे ते कळलं ना?"

मुलं मोठी झाली की अशी कोड्यात बोलतात.

घरी आल्यावर हिला आतापर्यंतचा आढावा दिला. तारा, वायर, स्पीकर, उंची, खोली, कपाट, खिडकी, ड्रम्स. बदलता येण्यासारखं सगळं बदलून झालं.

"एक राहिलं," ही म्हणाली.

मीही तोच विचार करत होतो. वर्गातली सतरंजी.

१७ तारीख, रविवार

सतरंजी काढण्याचा उपयोग झाला नाही.

साडूभाऊ म्हणाले, "आता चाचणीच चालली आहे तर आणखी एक करू. गिटार तीच, वायर तीच, खोली तीच. फक्त जावईबापूंनी वाजवायची." पद्धतीला धरून होतं, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

जावईबापूंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी वाजवलं.

गुणगुण नाही. सूर आला, संपला, मध्ये शांतता, पुढचा सूर. साडूभाऊंची ती थांबायची जागा आली. सगळे थांबले आणि खोली अशी थांबली की बाहेर शिकाऊ ड्रायव्हरने गिअर बदललेला ऐकू आला. माझी मुलगी गाणं विसरून नवऱ्याकडे बघत राहिली. दंतवैद्य म्हणाले, "भूल उतरली."

मी घाईने मत बनवत नाही. म्हटलं, जावईबापू हळू वाजवतात. पंखा एकवर फिरवला तर पाचचा दोष कसा दिसेल? त्यांना जोरात वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवलं. गुणगुण नाही. मग मी जवळ जाऊन त्यांचे हात बारकाईने तपासले, आणि जे दिसलं त्याने वाईट वाटलं.

त्यांची बोटं आळशी आहेत. उजवा अंगठा काही काम नसताना सगळ्यांत जाड तारेवर लोळत असतो. डाव्या हाताचं एक बोट सूर दाबतं आणि बाकीची तीन नुसती आडवी पडलेली, या तारेवर अर्धी, त्या तारेवर अर्धी. सूर झाला की बोट उचलत नाहीत, दाब सोडून तिथेच ठेवतात. काम संपलं तरी जागा सोडायची नाही. सरकारी कचेरीतसुद्धा याहून बरी शिस्त असते. माझ्या विभागात असता तर पहिल्याच दिवशी पाटीखाली उभा केला असता.

हे मी सौम्य शब्दांत सांगितलं. जावईबापू म्हणाले, "हो बाबा." मुलगी पाणी प्यायला बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

१९ तारीख, मंगळवार

साडूभाऊ आणि मेहुणी घरी आले. साडूभाऊ एरवी सोफ्यावर पाय पसरून बसतात, आज कडेला टेकून बसले.

म्हणाले, "साडूभाऊ, मी विचार केला. शनिवारी सभागृह नवीन, भिंती नव्या, आवाज कुठे घुमेल कोणाला माहीत. तिथे बसून ऐकणारा कोणीतरी जाणकार हवा. तुमच्यासारखा कान एकाच वाद्यापाशी अडकवून ठेवणं म्हणजे सगळ्या बँडवर अन्याय आहे."

वाक्य आवडलं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. चांगल्या वाक्यांचं तसंच असतं.

"मग बेस?" मी विचारलं.

"ते बघतील जावईबापू. चालवून घेऊ कसंतरी."

"बसायला काय?" हिने विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"पहिल्या रांगेत खुर्ची," साडूभाऊ म्हणाले.

"गादीची का?"

"गादीची."

मेहुणीने पदर तोंडाला लावला. तिला सर्दी असावी. मी खुर्ची स्वीकारली. जबाबदारी मोठी आहे आणि नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. हात मात्र संध्याकाळभर कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

२१ तारीख, गुरुवार

आजोबांच्या खुर्चीपाशी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर कानाजवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे सगळा विभाग ऐकतो.

"खुर्ची बरी आहे ना?" मी ओरडलो.

"खुर्ची उत्तम आहे. पाठीला आराम आहे. पहिले दोन दिवस फार बरं वाटलं."

"मग?"

"मग काय. पंखा कोणी आणतच नाही."

मी म्हटलं, "सल्ला विचारायला येत असतील."

"येतात की. खिडकी उघडू का, विचारतात." मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, मला ऐकू येत नाही हे मला तुमच्या आधी माहीत होतं. पण वाक्य चांगलं होतं, म्हणून उठलो. बायकोला घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे काढलं का? तोपर्यंत मला वाटत होतं बढती आहे."

विभागात दोघे-तिघे खाकरले. मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.

"ऐकू आलं नाही," आजोबा म्हणाले. मला वाटतं ऐकू आलं होतं.

संध्याकाळी घरी येताना बसमध्ये ते वाक्य आठवलं. माझं आहे. शब्द न् शब्द माझा आहे, फक्त "यंत्र" काढून "वाद्य" आणि "विभाग" काढून "बँड" घातलं आहे. घरातून बाहेर कसं गेलं याचा तपास करता येईल. नेणारी व्यक्ती एकच असू शकते. पण तिच्यावर लाल चिठ्ठी लावणारा अजून जन्माला यायचा आहे.

जेवलो नाही नीट. हिने कारण विचारलं नाही. यावरूनच तपास पूर्ण झाला.

२२ तारीख, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची रजा घेतली. उद्देश एकच होता. जावईबापूंची सवय किती चुकीची आहे ते स्वतः करून बघायचं आणि शनिवारच्या आधी त्यांना दाखवून द्यायचं. दोष दाखवायचा तर तो आधी हुबेहूब करून दाखवता आला पाहिजे.

ही मागच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. मी पुढच्या खोलीत बसलो. उजवा अंगठा जाड तारेवर लोळवला. लाज वाटली. डाव्या हाताचं एक बोट दाबलं आणि बाकीची तीन आडवी टाकली, जशी सुट्टीच्या दिवशी माणसं पलंगावर पडतात तशी. सूर वाजवला. सवयीने हात वर गेला. मागे मधमाश्या. पुन्हा केलं. पुन्हा हात वर गेला. हाताला सांगितलं, बस, काम नाही तरी बस. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो तिथे राहिला.

सूर आला. दाब सोडला. सूर संपला.

मला वाटलं वायर निघाली. बघितली, लागलेली होती. स्पीकरचा दिवा बघितला, चालू होता. दुसरा सूर वाजवला, दाब सोडला, बोट तिथेच. काही नाही. साडूभाऊंच्या थांबण्यापर्यंतच्या ओळी हळूहळू वाजवल्या, आणि थांबलो.

इस्त्री टेकवल्याचा आवाज आला. ही दारात आली.

"बंद पडली का?"

"नाही. चालू आहे."

"मग ऐकू कसं येत नाही?"

"मी थांबलोय," मी म्हटलं.

ही तशीच उभी राहिली. मग स्टूल ओढून बसली. दोन वर्षांत या खोलीत गिटार चालू असताना ती कधी बसलेली नाही.

"पुन्हा एकदा थांबा बघू," म्हणाली.

मी वाजवलं आणि थांबलो. मागच्या खोलीतल्या इस्त्रीची टिकटिक ऐकू आली. ही पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "त्या खुर्चीचं जास्त मनावर घेऊ नका. ताईला मी सहज सांगितलं होतं."

"सहज?"

"रागाने," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी दोन वर्षं. तुम्ही एक दिवस तरी ऐका बाहेर बसून, मग कळेल."

मी बाहेर बसून ऐकलं होतं, पण ते कारखान्यात, आणि तेव्हा वाजवणारा मी नव्हतो. हे मी तिला सांगितलं नाही. सांगता सांगता ते रबरी पट्टे आठवले, जे मी स्वतः मानेवरून, सगळ्या तारांवरून, घट्ट आवळले होते. त्या चाचणीची नोंद पुन्हा तपासावी लागेल. सवडीने.

सध्याची स्थिती: पहिलं गाणं पूर्ण येतं, नीट थांबण्यासकट. दुसऱ्यात दोन ठिकाणी हात अजून उडतो. बाकीच्या गाण्यांत तार भराभर बदलावी लागते आणि तिथे मधमाश्या अजून राहतात. दुजोरा: ही.

साडूभाऊंना फोन केला. म्हटलं, पहिलं गाणं मी वाजवणार, बाकीची जावईबापू. ते म्हणाले, "आणि खुर्ची?" म्हटलं, खुर्ची आजोबांना द्या, मी त्यांना घेऊन येतोय. ते म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही ना?" मी म्हटलं, म्हणूनच, दुसऱ्या गाण्यापासून बेस माझ्याऐवजी जावईबापू वाजवतात हे त्यांना ऐकून कळणार नाही. साडूभाऊ शेवटी म्हणाले की आधी रेकॉर्डिंगवाल्याला ऐकवू. तो हो म्हणाला तर वाजवा, नाही म्हणाला तर खुर्चीत बसा.

मान्य केलं. पद्धतीला धरून आहे.

उद्या दुपारी चारला सगळे सभागृहात जमतील. रेकॉर्डिंगवाला पुन्हा एकेकाला एकट्याने वाजवायला लावेल आणि माझी पाळी आल्यावर हेडफोन कानांवर ठेवेल. तो ते काढून काय म्हणेल ते आज सांगता येत नाही. जावईबापू गाडी घेऊन आधी माझ्याकडे येतील, मग आजोबांना घ्यायला जाऊ. वाटेत जावईबापूंना काम नसलेली बोटं कुठे ठेवायची आणि का, ते सविस्तर समजावून सांगणार आहे.

ते "हो बाबा" म्हणतील असा अंदाज आहे.